लोखंडातून कोळसा काढायला इतकी वर्षं का लागतायत

ब्रॅकेट बँडसॉवर आडवं कापलं आणि आत करंगळीचं टोक जाईल एवढी पोकळी दिसली. वरून कास्टिंग (साच्यात ओतून केलेला भाग) चकाचक, वजन बरोबर, मापं बरोबर, आणि आत श्रिंकेज, म्हणजे रस गोठताना आकसून पडलेली पोकळी. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मी कोल्हापुरात शिरोलीच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मेथडिंगला नवीन होतो. मेथडिंग म्हणजे लोखंडाचा रस साच्यात कुठून सोडायचा, रायझर (रस आकसताना जादा रस पुरवणारा साठा) कुठे बसवायचा, केवढा बसवायचा हे ठरवायचं काम. त्या एका ब्रॅकेटला सहा ट्रायल लागल्या. एक ट्रायल म्हणजे काय तर आधी पॅटर्न (ज्याच्यावरून साचा करतात तो नमुना) बदलायचा, मग साचा, मग भट्टीत आपल्या ग्रेडच्या हीटचा, म्हणजे आपल्या प्रकारचा रस वितळवायचा, नंबर कधी लागतोय त्याची वाट बघायची, ओतायचं, गार होऊ द्यायचं, वाळू पाडायची, कापायचं, आणि परत तेच भोक बघायचं. एकेका फेरीला दहा-बारा दिवस, म्हणजे अडीच महिने एका ब्रॅकेटवर, आणि तेही अशा धातूत ज्याचं शास्त्र शंभर वर्षांपासून सगळ्यांना पाठ आहे.

हे सांगतोय कारण आजकाल ग्रीन स्टीलच्या, म्हणजे कमी कार्बन सोडून बनवलेल्या पोलादाच्या, बातम्या वाचून बरेच जण विचारतात, अरे कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला की झालं ना, मग अडलंय कुठे? केमिस्ट्रीत अडलेलं नाहीये. एका ब्रॅकेटला अडीच महिने गेले ना, तर अख्खा धातू बनवायची पद्धत बदलायला किती फेऱ्या लागतील आणि एकेक फेरी किती लांब असेल, सगळा वेळ तिथे जातो. आणि तो वेळ कमी करता येतो हे मला मनापासून सांगायचंय, कारण हे काम लवकर होणं फार गरजेचं आहे.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. खाणीतून येतं ते लोखंड नसतं, लोखंडाला घट्ट चिकटलेला ऑक्सिजन असलेला दगड असतो, हेमेटाइट नाहीतर मॅग्नेटाइट. त्यातून ऑक्सिजन ओढून काढायचा एवढंच काम. ब्लास्ट फर्नेसमध्ये हे काम कोक करतो, म्हणजे कोळशातला कार्बन, तो ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातो. एक टन पोलाद बनवताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड. जगात वर्षाला १८० ते १९० कोटी टन पोलाद बनतं, त्यामुळे माणसाने सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या पोलादाचा असतो. आमच्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टी विजेवर चालते, धूर कमी, पण त्या भट्टीत पडणारं पिग आयर्न (कच्चं लोखंड) गोव्यातल्या आमोण्याच्या नाहीतर कोप्पळच्या ब्लास्ट फर्नेसमधून आलेलं असतं, म्हणजे कोकचा हिशोब आमच्याही नावावर असतोच.

आता कार्बनऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन ओढला तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. हिशोब सोपा आहे, एक टन लोखंडाला साधारण ५४ किलो हायड्रोजन लागतो. हा हायड्रोजन पाण्यातून विजेने काढायचा म्हटला तर किलोमागे ५० ते ५५ युनिट, मग निघालेलं स्पंज आयर्न (न वितळवता ऑक्सिजन काढलेलं सच्छिद्र लोखंड) विजेच्या भट्टीत वितळवायचं, असं सगळं धरून टनाला साडेतीन हजार युनिटच्या आसपास वीज जाते. महिन्याला दीडशे-दोनशे युनिट वापरणाऱ्या घराची दीड-दोन वर्षांची वीज झाली ही, एका टनासाठी. वीज स्वच्छ आणि स्वस्त पाहिजे हे त्यामुळे आलंच.

पण समजा वीज आहे. मग उद्याच कारखाना का बांधत नाहीत?

घरी कुकरला दोन माणसांचा मसालेभात लावणं आणि लग्नात पाचशे माणसांच्या पातेल्यात लावणं, कृती तीच, प्रमाण तेच, तरी आचारी वेगळा लागतो. मोठ्या पातेल्यात तळाला करपतं आणि वर कच्चं राहतं. भट्टीचं तसंच आहे. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की बाहेरचा पृष्ठभाग चौपट होतो पण आतलं आकारमान आठपट, त्यामुळे उष्णता कशी शिरते, कशी निघते, गॅस कुठून वाट काढतो, सगळं गणित बदलतं. लॅबमध्ये अर्धा किलो पेलेट नळीत घालून हायड्रोजन सोडला की छान लोखंड मिळतं. (पेलेट म्हणजे लोह खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या, खेळायच्या गोट्यांएवढ्या.) पण खऱ्या शाफ्ट फर्नेसमध्ये, म्हणजे वरून पेलेट आणि खालून गॅस सोडायच्या उंच उभ्या भट्टीत, खालच्या पेलेटवर वरच्या कित्येक मीटर थराचं वजन असतं, त्या वजनाखाली आणि त्या तापमानात त्या एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात, खाली सरकत नाहीत, काही चुरा होतात आणि चुरा गॅसची वाट बंद करतो. अर्धा किलोच्या नळीत हे कधीच दिसणार नाही, तिथे वजनच नसतं ना.

त्यात हायड्रोजनचा स्वतःचा एक स्वभाव. कार्बन मोनॉक्साइडने ऑक्सिजन काढताना थोडी उष्णता सुटते, हायड्रोजनने काढताना उलट उष्णता खर्च होते, म्हणजे भट्टी आतून थंड व्हायला बघते आणि गॅस बाहेरून तापवून, जास्त प्रमाणात आत ढकलावा लागतो.

१९९९ मध्ये त्रिनिदादमध्ये वर्षाला ५ लाख टनांचा, पूर्ण हायड्रोजनवर चालणारा लोखंडाचा कारखाना सुरू झाला होता हे फार कमी लोकांना माहिती आहे. सर्कोरेड नावाची पद्धत, हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढलेला, आणि खनिज पेलेट न करता बारीक भुकटीच्या रूपातच गॅसवर तरंगत ठेवायचं. चिकटण्याच्या अडचणी आल्या, बाजारभावही पडलेले होते, आणि काही वर्षांत तो बंद झाला. म्हणजे 'हायड्रोजनने लोखंड होतं का' हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीच सुटला होता. अडचण आली ती मोठ्या आकारात रोज, न थांबता, परवडेल असं चालवण्यात.

म्हणून मधल्या पायऱ्या लागतात. लॅब, मग पायलट (छोटा प्रायोगिक कारखाना), मग डेमो (त्याहून मोठा, खऱ्याच्या जवळ जाणारा), मग खरा कारखाना. प्रत्येक पायरीला डिझाइन, परवानगी, पैसा, बांधकाम, चाचण्या, सगळं धरून चार-पाच वर्षं सहज जातात आणि हे एकामागून एक केलं तर वीस वर्षं झाली. त्यात ब्लास्ट फर्नेस एकदा नव्या विटांनी अस्तर लावून सुरू केली की पंधरा-वीस वर्षं चालते, त्यामुळे अस्तर बदलायची वेळ आली तेव्हा नवी पद्धत तयार नसेल तर कंपनी परत जुनीच भट्टी बांधते, आणि पुढची वीस वर्षं कोळसा पक्का. माझ्या मते या सगळ्या विषयात घाईचं खरं कारण हे आहे. एक-दोन वर्षांचा उशीर तेवढाच राहत नाही, अस्तराची वेळ हुकली की त्याचे वीस होतात.

आता लवकर कसं होतं त्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण स्वीडनचं. हायब्रिट नावाचा प्रकल्प, २०१६ मध्ये सुरू झाला, तीन कंपन्या एकत्र: एलकेएबी खाणवाली, वॅटनफॉल वीजवाली आणि एसएसएबी पोलादवाली. ऑगस्ट २०२० मध्ये लुलिओ शहरात पायलट सुरू झाला, तासाला साधारण एक टन स्पंज आयर्न काढणारा. जून २०२१ मध्ये हायड्रोजनचं पहिलं स्पंज आयर्न, ऑगस्टमध्ये त्याचं पोलाद व्होल्वोकडे गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये व्होल्वोने त्या पोलादाची खाणीत वापरायची एक गाडी लोकांसमोर आणली. कल्पनेपासून गाडीपर्यंत पाच वर्षं. धातूच्या धंद्यात पाच वर्षं म्हणजे खरंच फार भराभर.

कसं जमलं? मला वाटतं मुख्य म्हणजे त्यांनी पायऱ्या एकामागून एक न चढता शेजारी शेजारी चढल्या. खाणवाल्यांनी माल्मबर्गेटला पेलेट भाजायला खनिज तेलाऐवजी जैविक तेल वापरून बघायला सुरुवात केली, त्याच वेळी लुलिओत शाफ्ट फर्नेस उभी राहत होती, त्याच वेळी ते स्पंज आयर्न कसं वितळवायचं याचे प्रयोग, आणि हायड्रोजन साठवायला खडकात जमिनीखाली तीसेक मीटरवर १०० घनमीटरची पोलादी अस्तराची गुहा. ती गुहा २०२२ मध्ये सुरू झाली. वीज स्वस्त असेल तेव्हा हायड्रोजन बनवून भरून ठेवायचा, महाग असेल तेव्हा त्यातून काढायचा, आणि चाचण्यांतून त्यांनी दाखवलं की यामुळे हायड्रोजनचा बदलता खर्च २५ ते ४० टक्के कमी होऊ शकतो. हे सगळं ओळीने केलं असतं तर एकाचं काम संपेपर्यंत दुसरा बसून राहिला असता. आणि खाणवाला, वीजवाला, पोलादवाला एका टेबलावर असल्यामुळे पेलेटमध्ये बदल पाहिजे तर टेंडर काढत बसावं लागत नाही.

दुसरं, छोट्या पायलटमधूनच खऱ्या गिऱ्हाइकाला खरा माल दिला. हे फाउंड्रीवाल्याला लगेच पटेल. सँपल मंजूर व्हायला जो वेळ जातो ना, टेस्ट सर्टिफिकेट, वेल्डिंग कसं होतंय, वाकवल्यावर तडा जातो का, हा वेळ कारखाना उभा राहिल्यावर सुरू केला तर आणखी दोन वर्षं गेली. पायलटच्या चार टन मालावर गिऱ्हाइकाने आत्ताच तपासलं तर कारखाना होईपर्यंत ऑर्डर पण तयार असते, आणि ऑर्डर असली की बँक पैसे देते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. हायड्रोजनने बनलेल्या स्पंज आयर्नमध्ये कार्बन जवळजवळ शून्य. ऐकायला मस्त वाटतं, पण विजेच्या आर्क (सतत पेटती मोठी ठिणगी) भट्टीवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा. भट्टीत कार्बन जळून जे बुडबुडे येतात त्याने स्लॅग (रसावर तरंगणारी मळी) दुधासारखा फसफसून वर येतो, त्या फेसात आर्क झाकला जातो, उष्णता रसात जाते आणि भिंतीच्या विटा वाचतात. कार्बन नसेल तर फेस नाही, आर्क उघडा पडतो, विटा झिजतात, हवेतला नायट्रोजन पोलादात शिरतो. मग बाहेरून कार्बन टाकावा लागतो, आणि तो कोळशाचा टाकला तर परत तेच, म्हणून लाकडा-बिकडापासून केलेला जैविक कार्बन. आता विचार करा, ही अडचण शाफ्ट फर्नेसमध्ये कधीच दिसली नसती, ती पुढच्या भट्टीत दिसते. पुढची पायरी आधीच करून बघितली म्हणून वेळेत कळली. २०२४ पर्यंत त्या पायलटने ५ हजार टनांच्या वर असं स्पंज आयर्न काढलं, आणि एवढा माल असल्याशिवाय असे स्वभाव कळत नाहीत.

तरी मोठ्या कारखान्याचं वेळापत्रक २०२६ चं होतं ते घसरलंच. पायलटपर्यंत शास्त्रज्ञ आणि इंजिनियर वेग पकडतात, पुढे विजेच्या तारा, परवानग्या आणि हजारो कोटींचा पैसा, तिथे वेग कमी होतो. जर्मनीत आर्सेलरमित्तलने जून २०२५ मध्ये ब्रेमेन आणि आयझनह्युटनश्टाट इथले असे प्रकल्प करणार नाही म्हणून सांगितलं, सरकार १३० कोटी युरो द्यायला तयार असूनही, कारण वीज आणि हायड्रोजनचं गणित बसत नव्हतं. म्हणजे नुसतं अनुदान दिलं की काम वेगाने होतं असं नाही.

आता कॉम्प्युटरवर येतो. त्या ब्रॅकेटनंतर दोन-तीन वर्षांत आमच्याकडे सिम्युलेशन सॉफ्टवेअर आलं. स्क्रीनवर साचा भरताना दिसतो, रंगांनी कळतं कुठला भाग शेवटी गोठतोय, तिथे पोकळी येणार. सहा ट्रायल स्क्रीनवर दोन दिवसांत आणि खरं ओतणं एकदा, फार तर दोनदा. भट्टीचंही असंच करता येतं, गॅस कसा वाहतो, तापमान कुठे किती, पेलेट कुठे चिकटतील. अमेरिकेत इंडियानामधल्या पर्ड्यू नॉर्थवेस्ट विद्यापीठात ब्लास्ट फर्नेसची अशी मॉडेलं पोलाद कंपन्यांसोबत मिळून वर्षानुवर्षं बनवतायत. आता एआयची भर पडलीय, जी गणना करायला मोठ्या कॉम्प्युटरला दिवस लागायचे त्याचं बऱ्यापैकी अचूक उत्तर शिकवलेलं मॉडेल काही सेकंदात देतं, म्हणजे पन्नास डिझाइनमधली पंचेचाळीस कागदावरच बाद होतात. पण मी स्वतः बघितलंय, सॉफ्टवेअरला वाळूचा आणि रसाचा खरा डेटा दिला नाही तर ते सुंदर रंगीत चित्र दाखवतं आणि कास्टिंग कापल्यावर भोक असतंच. पायलटचा खरा डेटा हाच मॉडेलचा चारा, त्याशिवाय ते उपाशी.

आणि काही गोष्टी कॉम्प्युटरने पण लवकर होत नाहीत. ॲल्युमिनियमचं बघा. १८८६ मध्ये हॉल आणि एरू या दोघांनी वेगवेगळ्या देशांत बसून एकच पद्धत शोधली, आजही जगातलं नवं ॲल्युमिनियम त्याच पद्धतीने बनतं, साधारण ९६० अंशांच्या वितळलेल्या क्षारात वीज सोडून. त्यात कार्बनचे ॲनोड (वीज आत सोडणारे ठोकळे) असतात, ते जळत जातात, एका टन ॲल्युमिनियमला चारशेच्या वर किलो ॲनोड जळून दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि दर तीन-चार आठवड्यांनी ॲनोड बदलायचा. न जळणारा ॲनोड केला तर धुराऐवजी ऑक्सिजन निघेल. कल्पना जुनी, कित्येक दशकं लोक मागे लागलेत, पण त्या क्षारात जवळपास सगळंच विरघळतं आणि ॲनोडचा कण रसात गेला की ॲल्युमिनियम अशुद्ध. २०१८ मध्ये अल्कोआ आणि रिओ टिंटोने कॅनडात एलिसिस नावाची कंपनी काढली, ॲपल आणि तिथल्या सरकारांनी पैसा घातला, २०१९ मध्ये त्या ॲल्युमिनियमचे लॅपटॉप पण आले. तरी ॲनोड वर्षभर टिकतो का हे बघायला वर्षच लागतं, त्याला घाई करता येत नाही. करता येतं एवढंच, की एका वर्षात एक ॲनोड तपासण्याऐवजी शंभर प्रकार शेजारी शेजारी लावायचे.

यातून एक वेगळीच वाट निघालीय. भट्टी मोठी करण्याऐवजी छोटी ठेवायची आणि संख्या वाढवायची. सोलर पॅनल स्वस्त झालं ते अख्खं सोलर पार्क दरवेळी नव्याने शोधून नाही, एकच छोटी गोष्ट कोट्यवधी वेळा बनवून आणि प्रत्येक वेळी थोडी सुधारून. अमेरिकेत कोलोरॅडोमधली इलेक्ट्रा नावाची कंपनी खनिज आम्लात विरघळवून फक्त ६० अंशांना विजेने लोखंडाच्या पत्र्या काढते, म्हणजे आपल्या चहापेक्षाही कमी तापमान. एमआयटीतून निघालेली बोस्टन मेटल उलट टोकाला, सोळाशे अंशांना वितळलेल्या खनिजातून थेट वीज सोडून लोखंड काढते, कोक पण नाही हायड्रोजन पण नाही, आणि २०२५ मध्ये त्यांनी आपल्या मोठ्या सेलमधून (सेल म्हणजे वीज सोडून धातू काढायचं एक भांडं) टनभर धातू काढून दाखवला. दोन्हींचा फायदा एकच. सेल बिघडला तर एक सेल बदलायचा, कारखाना थांबत नाही, आणि पुढचा सेल काही महिन्यांत सुधारून येतो. यातलं कोण टिकेल ते पुढे ठरेल, पण शिकण्याच्या फेरीचा वेग बघितला तर ही वाट मला फार आशेची वाटते.

उलट्या बाजूचं उदाहरण पण सांगतो. टाटा स्टीलच्या नेदरलँड्समधल्या एयमाउडनला हिसार्ना नावाची पायलट भट्टी २०१० मध्ये उभी राहिली, वर्षाला ६० हजार टनांची, पेलेट आणि कोक बनवायचा टप्पाच काढून टाकणारी, कार्बन किमान २० टक्के कमी. तंत्र चाललं, चाचण्यांच्या मोहिमेमागून मोहीम झाली, आणि पुढची मोठी पायरी बांधायला पैसा आणि निर्णय यांची वाट बघण्यात दहा वर्षांहून जास्त गेली. म्हणून मी म्हणतो पायलट यशस्वी झाला तर पुढच्या पायरीचे पैसे कोण देणार हे पायलटच्या आधीच कागदावर पाहिजे.

आपल्याकडे काय चाललंय? भारत जगातला सगळ्यात मोठा स्पंज आयर्न बनवणारा देश आहे, पण त्यातला बराचसा कोळशाच्या फिरत्या भट्ट्यांत बनतो, चंद्रपूरकडे घुग्घुसला जाऊन आलेल्यांनी त्या बघितल्या असतील. टनामागे आपलं उत्सर्जन साधारण अडीच टन, जगाच्या सरासरीपेक्षा जास्त. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने ग्रीन स्टीलची व्याख्या केली, टनाला २.२ टनांच्या खाली असेल तरच ग्रीन, १.६ च्या खाली पाच स्टार. जानेवारी २०२३ च्या हरित हायड्रोजन मिशनमध्ये पोलादातल्या पायलटसाठी ४५५ कोटी ठेवलेत, आणि २०२४ मध्ये तीन पायलट निवडले गेले, त्यातला एक १०० टक्के हायड्रोजनवर चालणारा, दिवसाला ५० टनांचा. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलादावर कार्बनचा हिशोब पैशात लावायला सुरुवात केलीय, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त पर्यावरणाचा राहिला नाही, धंद्याचा झाला.

आपल्या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, इथे नको असलेली अशुद्धी) जास्त, स्वीडनच्या खनिजासारखं ते स्वच्छ नाही, त्यामुळे त्यांचा आराखडा उचलून आणून इथे ठेवला तर स्लॅग वाढणार, वीज वाढणार. आपल्या पेलेटवर आपल्यालाच फेऱ्या माराव्या लागतील. पण एक गोष्ट आपल्याकडे आहे ती कुणी बोलत नाही. रायगड जिल्ह्यात डोलवीला आणि रेवदंड्याजवळ साळावला नव्वदच्या दशकापासून गॅसवर चालणारे स्पंज आयर्नचे शाफ्ट उभे आहेत. नैसर्गिक वायू फोडून जो गॅस अशा शाफ्टमध्ये जातो त्यात अर्ध्याहून जास्त हायड्रोजनच असतो. म्हणजे गरम हायड्रोजन, चिकटणाऱ्या पेलेट, गळतीची भीती, हे सगळं तिथल्या शिफ्टवरच्या माणसांनी तीस वर्षं हाताळलंय. शाफ्टचा आवाज बदलला की आत गुठळी झालीय हे ओळखणारी माणसं आहेत तिथे, त्यातली बरीच आता रिटायर होत आलीत. नव्या पायलटच्या डिझाइनच्या पहिल्या मीटिंगला, ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी, त्यातली दोन माणसं तरी बसलेली पाहिजेत.